हॅम्बुर्ग ते लोफोटेन गाडीने: आधी बोट ठरवा, मग रस्ता

प्रश्न थोडक्यात असा. हॅम्बुर्गला राहणारं मराठी कुटुंब, दोघं नवरा-बायको आणि तीन व पाच वर्षांची दोन मुलं. स्वतःची पेट्रोलवरची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, छतावर सामानाची पेटी. जूनअखेर निघून २१ दिवसांत नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन यायचंय, जमलं तर नॉर्थ केपलाही. जेवण शाकाहारी. फेरी कुठली घ्यावी, रोज किती अंतर धरावं आणि नेमकं काय चुकतं?

नॉर्थ केप आधी काढून टाका. नार्विकपासून तिथे जायला सातशेहून जास्त किलोमीटर आणि तेवढंच परत. म्हणजे लोफोटेनसाठी ठेवलेले चार दिवस गाडीतच जातात. एवढी लहान मुलं बरोबर असताना तो सौदा वाईट आहे. तिथे पोचून बघायला एक कडा आणि समोर समुद्र. लोफोटेनमध्ये दर दहा किलोमीटरवर थांबावंसं वाटतं.

आता आखणी. बहुतेक जण नकाशावर रस्ता काढतात, मुक्काम ठरवतात आणि फेरी शेवटी बुक करायला जातात. हे उलटं करा. रस्त्यावर तुम्ही दोन तास उशिरा पोचलात तर काही बिघडत नाही, बोट मात्र थांबत नाही. त्यामुळे बोटी हे खुंटे. ते आधी ठोकायचे आणि मधली दोरी मग ताणायची किंवा सैल सोडायची. तुमच्या प्रवासात असे तीन खुंटे आहेत: जर्मनीतून बाहेर पडण्याची बोट, बोडो ते मोस्केनेस ही लोफोटेनची बोट आणि परतीची बोट.

बाहेर पडायला तीन पर्याय. जर्मनीतलं पुटगार्डन ते डेन्मार्कमधलं रोडबी ही ४५ मिनिटांची फेरी रात्रंदिवस चालते, साधारण अर्ध्या तासाला एक. तिथून कोपनहेगन, मग ओरेसुंड पूल, माल्मो, गोटेबोर्ग आणि ऑस्लो. या फेरीचं आणि पुलाचं एकत्र तिकीट मिळतं. बोट चुकली तर पुढची मिळते, पण ऑस्लोपर्यंत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास चालवावं लागतं. म्हणजे लहान मुलांसह दोन दिवस. दुसरा पर्याय कील ते गोटेबोर्ग, रात्रभराची बोट. तिसरा कील ते ऑस्लो: दुपारी दोनला निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचते.

तुम्हाला तिसरा सुचवेन. तिकीट महाग दिसतं, पण त्यात रात्रीचा मुक्काम आला, साडेनऊशे किलोमीटरचं पेट्रोल वाचलं, पुलाचा टोल वाचला, आणि मुख्य म्हणजे चालवणारा माणूस ताजातवाना ऑस्लोला उतरतो. हॅम्बुर्गहून कील ९५ किलोमीटर. सकाळी नऊला निघालात तर ए-७ महामार्गावरची गर्दी धरूनही वेळेत पोचाल. संध्याकाळी बोट डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून जाते, तेव्हा मुलांना वरच्या डेकवर न्या. धुराडं पुलाला लागणार असं शेवटपर्यंत वाटत राहतं.

तारखांबद्दल एक काळजी घ्या. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार हा स्वीडनचा मिडसमर, तिथला मोठा सण. त्या दोन-तीन दिवसांत बोटी भरलेल्या, भाडी चढलेली, स्वीडनमध्ये दुकानंही बंद. त्यानंतरच्या सोमवारी किंवा मंगळवारी निघा. दुसऱ्या बाजूने, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून नॉर्वेची सामायिक सुट्टी लागते आणि बोडोच्या धक्क्यावर रांगा वाढतात. लोफोटेनमधल्या स्वोल्वेरला मध्यरात्रीचा सूर्य साधारण २८ मे ते १४ जुलै दिसतो. मिडसमरनंतर लगेच निघालं की या तिन्ही गोष्टी जुळतात.

बुकिंगमध्ये सर्वांत जास्त गफलत होते ती गाडीच्या उंचीत आणि लांबीत. ऑक्टाव्हिया कॉम्बी सुमारे दीड मीटर उंच. आडवे बार आणि पेटी मिळून ४० ते ४५ सेंटिमीटर चढतात. म्हणजे तुम्ही १.९ ते १.९५ मीटरच्या मधे कुठेतरी आहात, आणि बऱ्याच कंपन्यांची 'साधी गाडी' नेमकी इथेच कुठेतरी संपते. अंदाजाने भरू नका. सपाट जागेवर गाडी उभी करून पेटीच्या सर्वांत उंच भागावर एक सरळ पट्टी आडवी धरा आणि तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. गाडी रिकामी असताना मोजा, कारण सामान भरल्यावर ती दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते. रिकाम्या मापात बसली तर भरल्यावर बसणारच. मागे सायकलचं स्टँड लावणार असाल तर ४.७ मीटरची गाडी पाच मीटरच्या पुढे जाते आणि लांबीचा गट बदलतो. चुकीचं माप दिलं आणि धक्क्यावर पकडलं गेलं, तर फरक भरावा लागतोच. पण उंच गाड्यांची रांग भरलेली असेल तर बोटीवर जागाच मिळत नाही. ही खरी भीती, पैशांची नाही.

छतावरचं वजनही बघून घ्या. ऑक्टाव्हियाच्या छताला ७५ किलोची मर्यादा आहे, त्यात पेटी आणि बार धरून. पेटीच पंधरा-वीस किलोची असते. वर गाद्या, जॅकेट, मुलांचे बूट ठेवा. तांदूळ-डाळ खाली मागच्या सीटला टेकून.

बोटीत गाडी चढवताना हेडलाइट बंद करून पार्किंग लाइटवर या, नाहीतर समोर हाताने खुणा करणाऱ्या माणसाचे डोळे दिपतात. रँपच्या सांध्यावर भरलेल्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. तिथे अगदी चालत्या माणसाच्या वेगाने जा. शेजारच्या गाडीपर्यंत जेमतेम एक हात अंतर ठेवतात, म्हणून ज्या बाजूला दार उघडतं त्या बाजूने मुलांना आधी उतरवा. मग हँडब्रेक लावा, गिअर पहिल्यात (ऑटोमॅटिक असेल तर पी), आरसे मिटवा आणि दिवे खरंच विझले का ते बाहेर येऊन बघा. बोट डोलते तसा गाडीचा चोरीचा अलार्म वाजू लागतो, कारण आतला सेन्सर हालचाल आणि कल पकडतो. रात्रभर वाजून बॅटरी बसते आणि सकाळी मागची अख्खी रांग तुमच्यामुळे अडकते. आतला सेन्सर बंद करायची सोय गाडीच्या मेनूमध्ये असते, कधी कुलूप दोनदा दाबावं लागतं. ते घरीच शोधून ठेवा, कारण डेकवरच्या गोंगाटात शोधणं होत नाही. निघताना डेकचा आकडा आणि जिन्याचं अक्षर यांचा फोनमध्ये फोटो काढा.

बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद होतो, सकाळपर्यंत खाली जाता येत नाही. म्हणून रात्रीची एक पिशवी वेगळी हवी: औषधं, मुलांचे कपडे, डायपर, चार्जर, पासपोर्ट, गाडीची कागदपत्रं, थोडा खाऊ. जास्तीच्या पेट्रोलचा कॅन बरोबर घेऊ नका, बहुतेक कंपन्या तो चालू देत नाहीत. केबिनमध्ये शेगडी किंवा किटली लावायची नाही. सकाळी पुढची रांग हलेपर्यंत इंजिन सुरू करू नका. बंद डेकवर धूर साचतो आणि तो तुमच्याच मुलांच्या नाकात जातो.

बोट लागत असेल तर केबिन बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे डोलणं सर्वांत कमी. लहान मुलांचं औषध डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा. ते उलटी सुरू झाल्यावर उपयोगाचं नाही, निघण्याआधी द्यावं लागतं.

आता दिवसांचा हिशेब. नॉर्वेच्या ई-६ महामार्गावर गुगल सात तास म्हणाला तर मुलांसह दहा धरा. शहराबाहेर वेगमर्यादा सहसा ८०, गावात ५०, पुढे एखादा कॅम्परव्हॅन असला की त्याहून कमी. थांबे धरून तासाला ६० किलोमीटर पडले तर चांगलं. काही टप्प्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापाशी ब्रेक दाबून उपयोग नाही. दंड जर्मनीपेक्षा कितीतरी पट जास्त आहेत. दारूची मर्यादा नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ०.२ प्रति हजार, म्हणजे चालवणाऱ्याने एक बिअरही घ्यायची नाही. दिवसाही दिवे लावलेले हवेत.

पहिला दिवस कील. दुसऱ्या दिवशी ऑस्लोहून लिलेहामरच्या पुढे, दोनशे किलोमीटर. तिसऱ्या दिवशी ट्रॉनहाइम, चौथा तिथेच आराम. पाचव्या दिवशी मोशोएनच्या आसपास, सुमारे ४०० किलोमीटर. हा जातानाचा सर्वांत लांब दिवस. सहाव्या दिवशी साल्टफियेल पठारावर उत्तर ध्रुववृत्त ओलांडून बोडो. पठारावर जूनअखेरही बर्फाचे पट्टे असतात, स्वेटर हाताशी ठेवा. सातवा दिवस बोडोत मोकळा. हा दिवस कापू नका, कारण खाली येतंच. त्या दिवशी साल्टस्ट्राउमेनला जा, बोडोपासून अर्ध्या-पाऊण तासावर. अरुंद खाडीतून भरती-ओहोटीचं पाणी इतक्या जोराने घुसतं की पृष्ठभागावर मोठमोठे भोवरे फिरतात. साधारण दर सहा तासांनी जोर येतो, वेळापत्रक बघूनच निघा; मधल्या वेळी गेलात तर नुसतं पाणी.

आठव्या दिवशी बोट. बोडो ते मोस्केनेस साडेतीन-चार तास, उघड्या वेस्टफ्योर्डवरून. काही जागा आगाऊ आरक्षित करता येतात, उरलेल्या धक्क्यावरच्या रांगेतल्या लोकांना. आरक्षण कराच. आणि तरीही वारा वाढला की ही फेरी रद्द होते. म्हणून मोकळा दिवस बोटीच्या आधी ठेवलाय, नंतर नाही. दोन दिवस बोट नसेल तर थांबू नका. बोडोहून फाउस्के, तिथून ई-६ ने बोग्नेस, बोग्नेस ते लेडिंगेन तासाभराची फेरी आणि मग स्वोल्वेर. सगळा दिवस जातो, पण पोचता. यासाठी लोफोटेनमधला पहिला मुक्काम रद्द करता येण्याजोगा घ्या आणि बेटांच्या मध्यावर घ्या, लेक्नेसच्या आसपास. मग मोस्केनेसकडून आलात काय आणि स्वोल्वेरकडून आलात काय, दोन्ही सारखंच.

वेळापत्रकासाठी एन्टूर हे ॲप नॉर्वेभर चालतं. छोट्या फेऱ्यांना आरक्षण नसतं, रांगेत लागायचं. ई-६ ऐवजी किनाऱ्याचा १७ क्रमांकाचा रस्ता घ्यावा असं पुष्कळ जण सुचवतील. रस्ता खरोखर देखणा आहे. पण स्टाइनशेर ते बोडो साडेसहाशे किलोमीटरमध्ये सहा फेऱ्या आहेत, आणि एक चुकली की पुढच्या सगळ्या सरकतात. चार दिवस हाताशी असतील तरच. तुमच्याकडे ते नाहीत.

लोफोटेनमध्ये आठव्या ते बाराव्या दिवसाच्या अशा पाच रात्री. ई-१० अरुंद आहे, राइनेच्या आसपास आणि हाउकलंड-उटाकलाइव्हच्या किनाऱ्यांवर दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. फोटोसाठी रस्त्यात थांबू नका. एकेरी रस्त्यावर एम लिहिलेल्या जागा समोरच्याला वाट देण्यासाठी असतात, पार्किंगसाठी नसतात. उजेड रात्रभर आहे, त्याचा फायदा घ्या. दुपारी झोपा, संध्याकाळी सातनंतर बाहेर पडा. मध्यरात्रीचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून डोंगराच्या दक्षिणेकडच्या गावांतून तो दिसतच नाही. उटाकलाइव्ह, उनस्टाड किंवा गिम्सोयचा उघडा किनारा धरा. मुलांची झोप घड्याळाने बांधा. कॅम्पिंगच्या लाकडी खोल्यांचे पडदे पातळ असतात. कचऱ्याच्या चार काळ्या पिशव्या आणि रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी बरोबर असली की पाच मिनिटांत खोली अंधारी होते. ती पट्टी रंग उखडत नाही.

या खोल्यांना तिथे हित्ते म्हणतात. चार बिछाने, छोटा फ्रिज, दोन शेगड्या. तुमच्यासारख्यांना हॉटेलपेक्षा हेच सोयीचं, कारण वरण-भात करता येतो. चादरी बहुतेक ठिकाणी वेगळ्या पैशांनी, म्हणून घरच्या घ्या. निघताना साफसफाई स्वतः करायची असते. शेगडी कुठे इंडक्शन असते, कुठे जुनी लोखंडी चकती. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, म्हणून इंडक्शनच्या तळाचा तीन लिटरचा स्टीलचा घ्या, तो दोन्हीकडे चालतो. लोखंडी चकती उशिरा तापते आणि उशिरा निवते: शेवटची शिट्टी होण्याच्या दोन मिनिटं आधीच बटण बंद करा, नाहीतर खिचडी लागते. फोडणी करताना मात्र खिडकी सताड उघडा. छोट्या खोलीत मिरची-मोहरीच्या धुराने धुराचा अलार्म लगेच वाजतो, आणि तो काढून ठेवणं हा उपाय नाही. लाकडी घर आहे. सोपा मार्ग म्हणजे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी घरीच करून बरणीत घ्यायची आणि वरणात वरून घालायची.

शिधा मोजूनच घ्या. १६ रात्री स्वयंपाक धरला तर तुम्हा चौघांना वेळेला २२० ग्रॅम तांदूळ, म्हणजे साडेतीन किलो. १२० ग्रॅम मूगडाळ, म्हणजे दोन किलो. सहा सकाळी पोहे, दीड किलो. भाजणी एक किलो, गोडा मसाला शंभर ग्रॅम, तेल एक लिटर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे ऑस्लोच्या धक्क्यावर कस्टम असतं. बटाटे नेता येत नाहीत, तिथेच विकत घ्या. तूप भारतातून आलेलं नको, जर्मनीत घेतलेलं आणि मूळ पाकिटातलं ठेवा. नॉर्वेत रविवारी मोठी दुकानं बंद; शनिवारी दूध, दही, ब्रेड भरून ठेवा.

पैसे कार्डाने सगळीकडे चालतात, पण माणूस नसलेल्या पंपावर पिन लागतो आणि पंप आधी मोठी रक्कम अडवून ठेवतो, नंतर खरी कापतो. डेबिट कार्डावर पैसे थोडे असतील तर तिथेच पंचाईत होते. टोलनाके नसतात, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. निघण्यापूर्वी ईपास२४ या टोलच्या संकेतस्थळावर गाडी नोंदवा, म्हणजे नॉर्वे-स्वीडनची बिलं ईमेलवर येतात आणि पत्त्यातल्या घोळाने मुदत उलटत नाही.

कागदपत्रांत चौघांचे पासपोर्ट आणि जर्मन राहण्याचा परवाना, दोन्ही मूळ. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, वेगळा व्हिसा नको. भारतातून आलेले आजी-आजोबा शेंगेन व्हिसावर बरोबर असतील तर त्यांनाही नको. जर्मनीत राहायला येऊन सहा महिने उलटले असतील तर भारतीय लायसनवर चालवू नका, जर्मन लायसनच हवं. भाड्याची गाडी घेणार असाल तर फेरीवर आणि परदेशात नेण्याची लेखी परवानगी लागते.

परतीचा भाग सरळ आहे. तेराव्या दिवशी नार्विक, चौदाव्या दिवशी स्वीडनमध्ये शिरून आबिस्कोवरून किरुना. इथे रेनडिअर रस्त्यावरून रमतगमत चालतात. एक ओलांडून गेला की वेग वाढवू नका, कारण मागून कळप येतो. हरणाला किंवा मूसला धडक बसलीच तर ११२ वर फोन करायचा आणि जागेवर खूण ठेवायची. जनावर पळून गेलं तरी कळवणं बंधनकारक आहे. आबिस्को आणि किरुनाला जुलैत डास भयंकर, मुलांना पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला आणि फवारा तिथल्याच दुकानातून घ्या. किरुनाचं लाकडी चर्च खाणीमुळे ऑगस्ट २०२५ मध्ये अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून पाच किलोमीटर हलवलं, ते नव्या जागी बघता येतं.

पंधराव्या दिवशी लुलेओ (३४० किलोमीटर), सोळाव्या दिवशी ओर्नशोल्ड्सविक, सतराव्या दिवशी उपसाला. हे दोन-तीन दिवस लांब आहेत, पण स्वीडनचा ई-४ महामार्ग नॉर्वेच्या रस्त्यांपेक्षा पुष्कळ वेगवान आहे. अठरावा दिवस स्टॉकहोम, एकोणिसाव्या दिवशी योनशोपिंग, विसाव्या दिवशी ट्रेलेबोर्ग आणि रात्रीची जर्मनीतल्या ट्राव्हेम्युंडेची बोट. ती भरली असेल तर रोस्टॉकची बघा. सुमारे सहा तासांची आहे, पण त्यामुळेच झोप अपुरी होते. एकूण चालवणं चार हजार किलोमीटरच्या आसपास, भटकंती धरून साडेचार हजार.

बोट कंपनीने रद्द केली किंवा दीड तासाहून उशीर होणार असेल, तर दुसरी सोय किंवा पैसे परत यांपैकी काय हवं ते निवडण्याचा हक्क युरोपियन नियमांनी तुम्हाला आहे. वादळामुळे रद्द झाली तर मुक्कामाचा खर्च मात्र त्यांच्यावर नाही. तरी पावत्या जपून ठेवा आणि कंपनीने रद्द करण्यापूर्वी तिकीट स्वतःहून सोडू नका. तसं केलं की हक्क जातो.

आज बसून करायची कामं या क्रमाने: पेटीसह उंची मोजा, कील-ऑस्लो आणि ट्रेलेबोर्गची तारीख पक्की करा, मग बोडोची बोट, मग लोफोटेनच्या पाच रात्री. बाकीचे मुक्काम दोन महिने आधी घेतलेत तरी चालतील. निघण्याच्या आठवड्यात टायरच्या खाचांची खोली बघा, चार मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर बदला. आणि डिकीच्या तळाशी खरं चाक आहे की नुसता दुरुस्तीचा डबा, तेही बघा. टायर बाजूने फाटला तर तो डबा काही करू शकत नाही, आणि साल्टफियेलवर टायरचं दुकान नाही.